उकिडवी कारकीर्द

बेसबॉलमध्ये बचाव करणाऱ्या नऊ जणांपैकी आठांची तोंडं फलंदाजाकडे. उरलेला एकटा त्या आठांकडे तोंड करून बसतो. तो कॅचर. सगळं मैदान ज्याला समोर दिसतं, तोच सामनाभर उकिडवा.

आपला यष्टिरक्षक येईल तो चेंडू घेतो. कॅचर चेंडू मागतो. मांड्यांच्या आडोशाला एक बोट दाखवलं की वेगवान, दोन दाखवली की वळणारा. २०२२पासून अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ही खूण बटण दाबून पाठवता येते. बोटं सुटली, गुडघे नाहीत.

नाव मात्र टाकणाऱ्या पिचरचं होतं, मागणाऱ्याचं नाही.

८ ऑक्टोबर १९५६, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा पाचवा सामना. यँकीज संघाच्या डॉन लार्सनने ब्रुकलिन डॉजर्सचे २७ फलंदाज ओळीने बाद केले. पहिल्या बेसवर कुणी पोचलंच नाही. वर्ल्ड सिरीजमधला हा एकमेव परफेक्ट गेम. लार्सन एरवी बेताचा पिचर. दोनच वर्षांपूर्वी एका मोसमात तीन विजय आणि २१ पराभव त्याच्या नावावर लागले होते. त्या दिवशी त्याने ९७ चेंडू टाकले आणि कॅचर योगी बेराची एकही खूण नाकारली नाही, असं सांगतात. मोठेपणाचा तोही एक प्रकार: चांगलं मागणारा भेटला की निमूट देत राहावं.

(बेराचं खरं नाव लॉरेन्स. सिनेमात पाहिलेल्या कुणा हिंदुस्थानी योग्यासारखा बसतो म्हणून मित्राने ‘योगी’ केलं. त्या योग्याला दर चेंडूला उठबस करावी लागत नसावी.)

समोरच्या संघाचा कॅचर होता रॉय कॅम्पानेला. दोघेही तीन-तीनदा आपापल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले. १९५१ आणि १९५५ साली तर एकाच वेळी. पण कॅम्पानेला कृष्णवर्णीय. १९४७पर्यंत मोठ्या लीगची दारं त्या रंगाला बंद होती, त्यामुळे उमेदीची वर्षं वेगळ्या लीगमध्ये गेली. डॉजर्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. अन्यायाची भरपाई कधीमधी होतेही. झिजलेल्या गुडघ्यांची होत नाही. दहा मोसम मिळाले. जानेवारी १९५८मध्ये मोटार उलटली, आणि पुढचं सगळं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं.

पिचरला चार-पाच दिवसांनी एकदा पाळी येते. कॅचर बहुतेक रोज बसतो. कौतुकावर डोळा ठेवून हे काम करता येत नाही. ज्याला ते हवं, त्याने चेंडू टाकायला शिकावं.

१८ जुलै १९९९ला यँकी स्टेडियमवर योगी बेराचा सत्कार झाला. मानाचा पहिला चेंडू लार्सनने टाकला, बेराने झेलला. मग सामना सुरू झाला आणि यँकीजने त्यातही परफेक्ट गेम साधला. पिचर होता डेव्हिड कोन. कॅचर जो जिरार्डी. समारंभासाठी बेराने झेलायचा हातमोजा मागून घेतला होता तो त्याचाच.