उशाखालचें शस्त्र

बाळकुम येथील एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें कीं, घराच्या रक्षणासाठीं पहिलेंच शस्त्र घ्यावयाचें तर रिव्हॉल्वर बरें कीं पिस्तूल? घरीं पत्नी, वृद्ध आई व दोन मुलें आहेत. खाडीकांठचें जुनें गांव आतां उंच इमारतींनीं वेढलें आहे. शेजारीं कोण राहतो हें ठाऊक नसतें. त्यांचें भय खोटें नाहीं. म्हणून नुसता उपदेश करून त्यांस वाटेस लावणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

दोहोंत रिव्हॉल्वर साधें. चक्र बाहेर काढलें कीं गोळ्या आहेत कीं नाहींत हें डोळ्यांस दिसतें. पिस्तुलांतून मॅगझिन काढलें तरी एक गोळी नळीच्या मुळाशीं राहूं शकते, व रिकामें समजून पुष्कळांचा घात होतो. तथापि साधें तें निर्धोक नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरीं त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी त्यांच्या पायांत शिरली. परवाना मागावयाचा तो ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे. आणि शस्त्र सुरक्षित ठेवूं अशी हमी २०१६ च्या नियमांप्रमाणें द्यावी लागते.

घराचें रक्षण करणारा अपराधी नव्हे. रात्रीं घर फोडणारा चोर मार बसून मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं, सूर्य उगवल्यावर मात्र आहे, असा भेद निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत केला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमांतही सूर्यास्त ते सूर्योदय यांमधील घरफोडीचा निराळा उल्लेख आहे. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, अंधारांत येणाऱ्याचा हेतु घरधन्यास कळत नाहीं. पण ज्यास हेतु कळत नाहीं त्यास मुख तरी कोठें कळतें? पाणी प्यावयास उठलेला मुलगाही त्या वेळीं सावलीच असतो.

कुलुपांत ठेवलेलें शस्त्र चोर आला असतां वेळेवर हातीं येत नाहीं. उशाखालीं भरून ठेवलेलें घरांतील सर्वांच्या हातीं येतें. चोर एखाद्या रात्रीं येईल. राग, दारू, निराशा व बालकाचें कुतूहल हीं नित्य घरांत असतात. अमेरिकेंत सिॲटल शहराच्या परगण्यांत १९७८ ते १९८३ या काळांत घरीं ठेवलेल्या बंदुकीनें घरांत झालेले मृत्यु डॉ. केलरमन यांनीं मोजले. आत्मरक्षणार्थ झालेल्या एका मृत्यूमागें आत्महत्या, खून व अपघात मिळून ४३ मृत्यु निघाले; पैकीं ३७ आत्महत्या. भिऊन पळालेला चोर या हिशेबांत येत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरी तो आंकडा मनांतून जात नाहीं.

आमच्या घरीं तसा कोणी नाहीं, असें प्रत्येकास वाटतें. २२ एप्रिल २००६ रोजीं सकाळीं वरळीच्या घरीं प्रमोद महाजन यांजवर गोळ्या झाडणारा त्यांचा सख्खा भाऊ होता, व त्याचें पिस्तूल परवान्याचें होतें. महाजन ३ मे रोजीं वारले. परवाना देतांना कोणत्या अधिकाऱ्यानें भावाभावांतील अढी तपासावी?

आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें, “किल्ली कोणापाशीं राहील? आणि घरांतून होकार आहे ना?” ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “पाळकसाहेब, तिला अद्याप सांगितलेंच नाहीं.” त्यांनीं अर्ज अजून दिलेला नाहीं. दाराला मात्र लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा बसवून घेतला आहे.