मुलाच्या नावे, शत्रूच्या हाती

औरंगजेबाने जानेवारी १६८१ मध्ये आपला मुलगा अकबर याला लिहिलेले पत्र मोगली मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून सांगितले जाते. राजपुतांना झुलवून सापळ्यात आणल्याबद्दल त्यात मुलाची पाठ थोपटली होती. सगळाच बनाव. अकबराने राजपुतांच्या बळावर खरोखर बंड करून स्वतःला बादशहा म्हणवले होते. पत्र राजपुतांचा सरदार दुर्गादास राठोड याच्या हाती पडावे अशीच योजना होती, आणि ते पडले. खात्री करायला दुर्गादास रात्रीच अकबराच्या डेऱ्यावर गेला, तर शहजादा झोपला आहे, उठवता येणार नाही, असे उत्तर मिळाले. अकबराचा उजवा हात तहव्वूरखान याचा शोध घेतला, तर तो बादशहाच्या छावणीकडे निघून गेलेला. राजपूत रातोरात उठून गेले आणि सकाळी अकबराभोवती मूठभर माणसे उरली. अजमेरजवळची ती लढाई न लढताच जिंकली गेली, हे खरेच. पण बंडाबरोबर बापाच्या शब्दाची पतही त्या रात्री संपली, आणि तिची भरपाई पुढे कधीच झाली नाही.

खरा प्रकार कळल्यावर दुर्गादासानेच अकबराला संभाजीराजांच्या मुलखात आणून पोहोचवले. बापलेकांचा पत्रव्यवहार त्यानंतरही झाला. बाप परत ये म्हणत होता. मुलगा त्याला शहाजहानची आठवण देत होता, या वाटेवरचे आपले गुरू तुम्हीच, असे सुनावत होता. १६५८ मध्ये आग्र्याच्या किल्ल्याचे यमुनेचे पाणी तोडून औरंगजेबाने बापाला शरण आणले होते. तहानलेल्या म्हाताऱ्याच्या पत्रांनी तो द्रवला नव्हता. अशा माणसाने देऊ केलेल्या माफीवर, खोट्या शाबासकीचा अनुभव घेतलेला मुलगा विसंबणार कसा? १६८७ मध्ये अकबर राजापूरहून जहाजाने इराणकडे निघून गेला.

यावर म्हणता येईल की दोष माणसाचा नव्हे, व्यवस्थेचा. गादीचा वारस ठरवणारा नियमच नव्हता, म्हणून प्रत्येक मुलगा बापाचा प्रतिस्पर्धी. खुस्रोने आणि पुढे खुर्रमनेही, म्हणजे शहाजहानने, आपला बाप जहांगीर याच्याविरुद्ध बंड केलेच. हे मान्य, पण खुर्रमचे बंड समेटाने मिटले. १६२६ मध्ये त्याने आपले दोन मुलगे ओलीस म्हणून जहांगीरकडे पाठवले आणि ते दरबारात सुखरूप राहिले. त्यांतला धाकटा, सात-आठ वर्षांचा, म्हणजे हाच औरंगजेब. त्याच घराण्यात, तशाच भांडणात, शब्द पाळला जात होता याचा तो स्वतःच पुरावा होता. म्हणून सगळे खापर व्यवस्थेवर फोडणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका पत्राने हजारो जीव वाचले. त्या रात्रीपुरते वाचले. पण अकबर मराठ्यांकडे जाताच बादशहाला दक्षिणेत उतरण्याची घाई झाली. विजापूर, गोवळकोंडा आणि मराठे यांच्यासाठी तो कधी ना कधी आलाच असता; मुलाच्या बंडाला मराठ्यांचे बळ मिळण्याच्या धास्तीने त्याला थांबू दिले नाही. घरात तर प्रत्येक पत्र गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले. अकबराशी पत्रव्यवहार केला म्हणून मुलगी झेबुन्निसा सलीमगडावर कैदेत पडली आणि गोवळकोंड्याशी संधान बांधल्याच्या संशयावरून मुलगा मुअज्जम १६८७ पासून सुमारे आठ वर्षे बंदीत राहिला. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. अकबर त्याआधीच परदेशात मरण पावला होता. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला मुअज्जम आणि आझम या भावांच्या फौजा भिडल्या आणि आझम मुलांसह मारला गेला.