आश्रयदोष आणि अ‍ॅव्होकाडो टोस्ट

आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, हा छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायातील विचार शंकराचार्य आणि रामानुजाचार्य या दोघांनाही मान्य आहे, परंतु आहार कशाला म्हणावे याविषयी त्यांचे एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषयज्ञान, म्हणजे पाहिलेले-ऐकलेलेसुद्धा, आहारच होय. रामानुजाचार्य मात्र श्रीभाष्याच्या आरंभीच ताटातल्या अन्नाकडे वळतात आणि पूर्वाचार्यांच्या आधाराने ते जाति, आश्रय व निमित्त या तीन दोषांपासून मुक्त असावे असे सांगतात. जातिदोष पदार्थाच्या स्वभावातच असतो, जसा तो लसणात मानला गेला. निमित्तदोष केस, धूळ वा उष्टेपणा यांच्या संसर्गाने येतो. आणि अन्न ज्याच्याकडून येते त्याच्यामुळे लागतो तो आश्रयदोष.

झटपट होणारा आणि आरोग्यदायी म्हणून नावाजलेला अ‍ॅव्होकाडो टोस्ट जाति व निमित्त या दोन कसोट्यांना सहज उतरतो. खरपूस भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासण्याची रीत सोडली, की उरतो पिकलेल्या फळाचा कुस्करलेला गर, मीठ, मिरपूड आणि लिंबू. हे लिंबू केवळ चवीसाठी नसते, कारण कापलेला गर हवा लागताच काळवंडू लागतो आणि लिंबातील आम्ल ती क्रिया मंदावते. गीतेच्या सतराव्या अध्यायात रसाळ व स्निग्ध आहार सात्त्विक मानला आहे आणि प्रहर उलटलेले अन्न तामस. त्यामुळे हा स्निग्ध पदार्थ केल्या केल्या खाल्ला तर गीतेचीही हरकत नसावी, आदल्या दिवशीच्या पावावरून कर्मठ माणूस कुरकुर करील ते सोडा.

खरी अडचण आश्रयदोषाची आहे. टीकाकारांनी या दोषाची उदाहरणे देताना पतितांबरोबर चांडाळालाही बसवले, आणि कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या हातचे टाळावे याचे जे निर्बंध पिढ्यानपिढ्या माणसांचा अपमान करीत आले, त्यांना शास्त्राचा आधार मिळाला. हा अर्थ निःसंकोचपणे टाकून देण्याजोगा आहे. मात्र जन्माच्या जागी आचरण ठेवले, तर अन्न कोणत्या व्यवहारातून ताटात आले हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो बिनबुडाचा नाही. अमेरिकेतील स्वयंपाकघरात येणारे अ‍ॅव्होकाडो बहुतांशी मेक्सिकोतून, मुख्यतः मिचोआकान राज्यातून येतात; तेथे बागांसाठी पाइन व ओकची राने बेकायदा तोडली गेली आहेत आणि सशस्त्र टोळ्या बागायतदारांकडून खंडणी उकळतात. खंडणी देणाऱ्या बागायतदाराचे फळ दूषित म्हणावे, तर नाडलेल्यालाच पुन्हा दोष लागतो; न म्हणावे, तर टोळीचा वाटा किमतीतून खाणाऱ्यापर्यंत पोहोचतोच. समोर बसून वाढणारा यजमान गृहीत धरणाऱ्या या सिद्धांतापाशी त्याचे उत्तर नाही.

शिवाय तिन्ही दोषांचा विचार खाणाऱ्याचे चित्त मलिन होऊ नये एवढ्यासाठीच आहे. अन्न जेथून आले तेथल्या रानाचे किंवा माणसांचे काय झाले, याची दखल त्यात नाही. मिचोआकानमधील चेरान या पुरेपेचा आदिवासींच्या गावात 2011 साली बायकांनी पुढाकार घेऊन लाकूडतोड्या टोळ्यांना हुसकावले, गावाने कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि पुढे अ‍ॅव्होकाडोच्या व्यापारी बागांनाच मनाई केली. त्यांच्यापुढे प्रश्न रानाचा आणि पाण्याचा होता, दूरच्या ताटातील टोस्टच्या शुद्धतेचा नव्हता.