अंगठ्यानंतरचा एकलव्य

मुलांना एकलव्याची गोष्ट सांगताना आपण ती अंगठ्यापाशी थांबवतो. गुरूने मागितला, शिष्याने दिला, गोष्ट संपली. शाळांच्या भिंतींवरची चित्रंही तिथेच थांबतात. महाभारताच्या आदिपर्वात मात्र पुढचंही नोंदवलेलं आहे. त्यानंतर हा निषादपुत्र उरलेल्या बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीची चपळाई त्याच्या हाताला राहिली नाही. आपण हे गाळलं, कारण त्यागाचं कौतुक करायला जखम पुरते. जखमेनंतरची रोजची खटपट पाहायची तर त्या मुलाच्या शेजारी बसावं लागतं, आणि तेवढी आपली तयारी नसते.

बांबूच्या धनुष्यावर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे खांदे दुखतात. त्या दुखण्याकडे आपण अजूनही त्या अंगठ्याच्याच श्रद्धेने पाहतो. ही श्रद्धा आता सोडली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

तिरंदाजी महाराष्ट्रात आज परकी राहिलेली नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनला कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. ही नावं ऐकून अमरावतीपासून साताऱ्यापर्यंत शेकडो घरांतली पोरं मैदानावर येतात. कंपाउंडचं किंवा रिकर्व्हचं महागडं धनुष्य त्यांच्या घराला परवडत नाही, म्हणून सुरुवात बांबूच्या धनुष्याने होते. मैदानावर या प्रकाराला ‘इंडियन राउंड’ म्हणतात. नेम धरायला साइट नाही, तोल सांभाळायला स्टॅबिलायझर नाही. ५० आणि ३० मीटरवर डोळा, हात आणि सराव एवढंच भांडवल. हा प्रकार मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याची किंमत मुलांच्या सांध्यांनी मोजू नये.

कंपाउंड धनुष्याला चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की बहुतेक भार ती चाकं घेतात आणि बोटांवर पाव-तृतीयांशच उरतो. बांबूचं धनुष्य अशी सवलत देत नाही. जितकं ओढाल तितकं ते जड होत जातं, आणि नेम धरायच्या क्षणी, म्हणजे हात सर्वांत स्थिर हवा तेव्हाच, ते सर्वांत जड असतं. २८ पाउंडांचं धनुष्य म्हणजे पावणेतेरा किलो. दिवसाला १५० बाण सोडले तर त्या खांद्यांनी एकोणीस क्विंटलांच्या आसपास ओढ घेतली. चौदा वर्षांच्या मुलीला कोणी एका दिवसात एकोणीस क्विंटल धान्य ओढायला लावलं तर गाव बोलेल. मैदानावर तेवढंच घडतं तेव्हा आपण तिची पाठ थोपटतो.

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे, आणि मोकळा म्हणूनच नाजूक. दंडाच्या हाडाचं गोल डोकं पात्याच्या उथळ खोबणीवर बशीत ठेवलेल्या लिंबासारखं टेकलेलं असतं. ते जागेवर धरून ठेवतात चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा. डॉक्टर त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांतली एक कंडरा खांद्याच्या टोकावरच्या हाडाखालच्या अरुंद फटीतून जाते. धनुष्य झेपेनासं झालं की धनुष्याच्या हाताचा खांदा कानाकडे चढतो, फट आणखी आवळते आणि कंडरा तिथे घासली जाते. दोरीच्या हाताचं दुखणं निराळं असतं. पाठीच्या स्नायूंनी ओढायची दोरी दंडाने ओढली, कोपर भलतंच उंच ठेवलं, की त्या बाजूच्या कंडराही शिणतात. सुरुवातीला हे दुखणं फक्त सरावानंतर असतं. मग रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग हात बाजूने वर नेताना खांद्याच्या पातळीच्या थोडं खाली-वर एका ठरावीक टप्प्यात कळ येते, आणि तो टप्पा ओलांडला की जाते. ही खूण डॉक्टरांनाच कळावी अशी नाही. शिक्षकाला आणि आईलाही ती ओळखता येते.

एका तालुक्याच्या मैदानावर पाहिलेली मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाण सोडताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. सराव संपल्यावर सुटलेली वेणी पुन्हा बांधायला तिने डावा हात वर नेला, तो अर्ध्यावर अडला. तिने उजव्या हाताने डाव्या कोपराला खालून आधार दिला, हात वर ढकलला, आणि मान वाकवून डोकंच हाताकडे नेलं. वेणी बांधून झाली. शेजारच्या मैत्रिणीने न सांगता रिबन धरली होती. म्हणजे हे रोजचंच होतं. विचारलं तर म्हणाली, “सरांना सांगू नका, जिल्ह्याच्या यादीतून नाव काढतील.”

त्या एका वाक्यात आपली सगळी व्यवस्था आली. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण, आणि या दोन्हींकडे नेणारी स्पर्धांची यादी. ज्या घरात दुसरा मार्ग नाही तिथली पोर खांदा लपवणारच. तिला भित्री किंवा खोटारडी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुखणं सांगितल्याची शिक्षा आपणच ठरवली आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो. घरी पाण्याच्या कळशा उचलून, धुणं पिळून तोच खांदा आधीच थकलेला असतो. आणि दुखतं म्हटलं की घरचे सांगतात, “धनुष्य सोड.” कळशी सोड असं कोणी म्हणत नाही.

सहनशक्ती हा खेळाडूचा गुण आहे, हे मला मान्य आहे. थंडीत पहाटे उठणं, हरल्यावर पुन्हा रांगेत उभं राहणं, वाऱ्यात थांबून योग्य क्षणाची वाट पाहणं ही सहनशक्ती. फाटत चाललेल्या कंडरेवर रोज दीडशे बाण सोडणं याला शिस्त म्हणता येत नाही. आणि ज्या शिक्षकासमोर विद्यार्थ्याला दुखतं असं म्हणायचं धैर्य होत नाही, त्याच्या शिकवण्यात काहीतरी मुळातच चुकलेलं असतं, मग त्याच्या कपाटात कितीही चषक असोत.

जुन्या काळीही लोक असंच सहन करत आणि त्यांचं काही बिघडत नसे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक पुरावा आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १५४५ साली पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडालं. १९८२ साली ते वर काढलं, तेव्हा त्यावरची लांब धनुष्यं मिळाली आणि माणसांचे सांगाडेही. कित्येक सांगाड्यांत खांद्याच्या टोकावरचं ते हाड पात्याला जुळलेलंच नव्हतं. हे हाड विशीच्या आगेमागे जुळून एकसंध होतं. न जुळलेलं हाड आजच्या लोकांतही आढळतं, पण या सांगाड्यांत ते कितीतरी अधिक वेळा आढळलं. हाडांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅन स्टर्लंड यांनी त्याचा संबंध लहानपणापासून ओढलेल्या जड धनुष्यांशी जोडला. जुन्या काळी काही बिघडत नसे असं नाही. ते हाडांत लिहिलं जात होतं, वाचणारं कोणी नव्हतं.

पण त्याच देशात शहाणपणही होतं. माजी बिशप ह्यू लॅटिमर यांनी १५४९ साली तेव्हाच्या राजासमोर केलेल्या प्रवचनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली. वडील त्यांच्यासाठी वयाला आणि ताकदीला झेपेल असं धनुष्य आणत, आणि मुलगा वाढेल तसं धनुष्य मोठं होत जाई. ओढायचं ते नुसत्या हातांनी नाही, सगळ्या अंगाने, हेही वडिलांनीच शिकवलं. शेतकरी कुटुंबातल्या बापाला हे कळत होतं. आपल्या अनेक शाळांत आज दहा मुलांत चार धनुष्यं असतात, आणि सहावीतलं किडकिडीत पोर आणि दहावीतला दांडगा मुलगा एकच धनुष्य पाळीपाळीने ओढतात. त्या धनुष्याचं वजन किती, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसतं.

ते मोजणं अवघड नाही. धान्याचं पोतं तोलायचा लटकता काटा आडव्या वाशाला टांगावा, हुकात दोरी अडकवावी, धनुष्याची मूठ धरून खाली ओढावं आणि मूठ ते दोरी २८ इंच अंतर झालं की आकडा वाचावा. तो धनुष्याच्या पोटावर रंगाने लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक इंचाला साधारण दोन-तीन पाउंड वाढतात, म्हणून लांब हातांच्या मुलाला तेच धनुष्य अधिक जड पडतं आणि आखूड हातांच्या मुलाला हलकं. धनुष्य जड निघालं तर टाकून द्यायचं कारण नाही. बांबूचं धनुष्य पोटाच्या बाजूने, दोन्ही टोकांकडे सारखं तासत नेलं की हलकं होतं. पाठीच्या बाजूची साल मात्र राखायची. हे काम आपला बुरूड अनेक प्रशिक्षकांपेक्षा चांगलं जाणतो. त्याला मैदानावर बोलवा, मानाने बसवा आणि त्याच्या कष्टाचे पैसे द्या.

खांदा आधीच दुखावला असेल तर सर्वांत आधी बाण थांबवायचे. कमी करायचे नाहीत, थांबवायचे. मालिशवाल्याकडून हाताला हिसके देऊन घेऊ नयेत. मालिशने आखडलेला स्नायू सैल होतो, पण फाटलेली कंडरा हिसक्याने जुळत नाही, उलट अधिक फाटू शकते. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं, आणि त्याने फिजिओथेरपी सांगितली तर ती दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून सोडू नये. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिला आठवडे नाही तर महिने लागतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन योग्य हातात उपयोगी औषध आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कळ मारून उभं राहण्यासाठी ते घेणं हा मात्र मुलाशी केलेला अपराध आहे. वारंवार घेतल्याने कंडरा कमकुवत होते. शिवाय २०२२ पासून अशी इंजेक्शनं स्पर्धाकाळात उत्तेजकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निषिद्ध आहेत.

परतीची वाट हळूहळूच चालावी लागते. आधी रबरी पट्टा ओढून पात्याभोवतीचे स्नायू जागे करायचे. मग बारा-पंधरा पाउंडांचं धनुष्य, पाच-सहा पावलांवर नुसतं गवताचं बट, त्यावर कागद नाही, गुण नाहीत. आधी बाणांची संख्या वाढवायची, वजन त्यानंतर. इथेच मोठ्या माणसांचा अहंकार आडवा येतो. वीस-वीस वर्षं पारंपरिक धनुष्य चालवलेला माणूस नव्या पोरांच्या रांगेत, त्यांच्याहून हलकं धनुष्य घेऊन उभा राहायला लाजतो. त्याने उभं राहावं. त्याला पाहून शेजारचा मुलगा जे शिकेल ते त्याच्या कोणत्याही सुवर्णपदकाने शिकवलं नसतं. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी ओढायचा सरावही लहानपणापासून असावा. अर्जुनाला ते साधत होतं म्हणून आपण त्याचा गौरव करतो, पण मैदानावर मुलांची एकच बाजू झिजवत राहतो.

काही खांदे पूर्वीसारखे होत नाहीत, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. जन्मतःच हात नसलेली शीतल देवी पायाने धनुष्य धरते, खांद्याने ओढ घेते, जबड्याने बाण सोडते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिने कांस्यपदक जिंकलं. तिची गोष्ट जखमी मुलाला ‘बघ, ती करते, तू का नाही’ असं हिणवायला वापरू नये. धनुष्य शरीराला जुळवून घेता येतं, हा तिच्या खेळाचा खरा धडा आहे. ज्याला ओढ घेताच येत नाही त्याने पंच व्हावं, धनुष्यं तासावीत, लहानग्यांचे खांदे पाहावेत. अशा माणसाला मैदानावर जागा ठेवणं आपलं काम आहे.

स्पर्धेच्या सकाळी साहित्याची तपासणी होते. पंच धनुष्य हातात घेतात, बाण पाहतात, नियमात बसतं का ते ठरवतात. त्याच टेबलाशेजारी आणखी एक टेबल हवं. प्रत्येक मुलाने आणि मुलीने दोन्ही हात बाजूने डोक्यावर न्यावेत, एका जाणकाराने ते पाहावं. हात अडला तर त्या दिवशी बाण नाही, पण यादीतून नावही काढायचं नाही. जागा राखून ठेवावी आणि खांदा बरा झाल्यावर निवड चाचणी स्वतंत्र घ्यावी. उपचाराच्या काळाची क्रीडा गुणांसाठी काय सोय, तेही नियमात स्पष्ट असावं. पुढच्या हंगामाची पत्रकं निघण्याआधी पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी मिळून हे जिल्हा संघटनांकडे लेखी मागावं, आणि उत्तरही लेखीच घ्यावं.