विश्वास कोणावर ठेवायचा?

हलाल म्हटले की आपल्याला प्रथम मटण आठवते. परळ-लालबागच्या चाळीत राहणारा मुसलमान खाटकाकडे कधी प्रमाणपत्र मागत नसे. जुम्याला सफेत शेजारी उभा राहणारा माणूसच दुकानात सुरी घेऊन बसलेला असे. जनावर पूर्वी वांद्र्याला आणि १९७१ पासून देवनारला कापले जाई. ते पाहायला कोणी जात नव्हते. ओळख हाच पुरावा होता.

आता घरात पाकिटे येतात. "सर, यात जिलेटिन आहे का?" असे वर्गातली मुले विचारतात. पाकीट भरणारा माणूस दिसत नाही, म्हणून आपण हिरवा ठिपका शोधतो. हा ठिपका शाकाहारी ग्राहकांसाठी आला, पण त्याने आपलीही सोय झाली. जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन ज्यात आहे, त्या खाऊवर तो लावता येत नाही. मात्र मद्यार्काबद्दल तो काही सांगत नाही आणि मांसाहाराची तपकिरी खूण जनावर कसे कापले हे सांगत नाही. तिथे जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्थांचा शिक्का उपयोगी पडतो.

मग चौकशी किती करावी? हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत बुखारीत आहे. लोक मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचे नाव घेतले की नाही ते कळत नाही, असे काहींनी विचारले. तुम्ही नाव घ्या आणि खा, असा हुजूरांच्या (स.) उत्तराचा आशय आहे. दुसऱ्या हदीसमध्ये संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याची ताकीद आहे. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. संशयाला आधार असेल तर जरूर विचारावे. आधार नसताना भावाच्या ईमानाची झडती घेऊ नये.

परंतु ग्राहकाला ही सवलत मिळाली म्हणून विकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. ग्राहकाचा विश्वास ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे. शिक्का देणाऱ्या संस्थेलाही हेच लागू आहे. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक आख्खी सूरह सुरू होते. म्हणजे सुरी बरोबर चालली आणि तराजू खोटा निघाला, तर दीन पाळला असे म्हणता येणार नाही.

आपण सुरीबद्दल विचारतो. त्याच दुकानात पहाटेपासून राबणाऱ्या पोराला पगार किती आणि वेळेवर मिळतो का, हे विचारत नाही. 'हलाल'ची पाटी पाहून पैसे देणाऱ्याने हेही विचारले पाहिजे.