तराजूची पारख

मिरजेच्या किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची असेल, तर परीक्षांबरोबरच आणखी एका कसोटीला उतरावे लागते. त्याची पदवी खरी आहे का, याचा निवाडा फिलाडेल्फियातली ईसीएफएमजी ही संस्था करते. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासण्यासाठी ती १९५६ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेतल्या दर चार डॉक्टरांपैकी साधारण एक जण परदेशी महाविद्यालयात शिकलेला असतो आणि त्यांत भारतातून गेलेल्यांचा वाटा मोठा आहे. तिथल्या असंख्य रुग्णांचा विश्वास, त्यांच्या नकळत, या संस्थेच्या शिक्क्यावर टेकलेला असतो. आणि शिक्का मारणाऱ्या या संस्थेवरही एक शिक्का आहे: तिची गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती आयएसओ ९००१ या मानकाला धरून आहे, असे सांगणारा.

तो कोणी मारला, असे विचारत गेले की साखळी लांबतच जाते. जिनिव्हातली आयएसओ मानके लिहिते. प्रमाणपत्रे देत नाही. ती देणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांचे ऑडिटर येतात, दरवर्षी पाहणी करतात, तीन वर्षांनी सगळे पुन्हा तपासतात. या संस्था तपासायला लायक आहेत का, हे अधिस्वीकृती मंडळे ठरवतात. भारतात हे काम एनएबीसीबी करते. आणि ही मंडळे? ती एकमेकांना तपासतात. साखळीच्या वरच्या टोकाला कोणी बसलेले नाही. तिथे पोहोचल्यावर सापडते ते एक वर्तुळ.

आपल्या तर्कशास्त्राला ही अडचण फार जुनी. ज्ञान प्रमाणांनी सिद्ध होते म्हणता, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, असा पेच नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त टाकला. दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे तर त्यांना तिसरी लागतात आणि अनवस्था ओढवते. आपोआप म्हणावे तर बाकी साऱ्यांनाच पुरावा का मागायचा? मीमांसकांनी स्वतःप्रामाण्याची वाट धरली: ज्ञान उपजतच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत ते खरे मानावे. नैयायिकांना हे पटले नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो, त्याला धरून केलेली कृती फळाला येते का यावरून ठरतो, असे त्यांचे म्हणणे. पाणी दिसले, पुढे गेलो, तहान भागली. म्हणजे ते मृगजळ नव्हते.

न्यायसूत्रांनी या वादात एक फार नेमका दृष्टांत दिला आहे, तराजूचा. तराजू सोने जोखतो. पण त्याच्याविषयीच शंका आली, तर माहीत असलेल्या वजनाचे सोने घालून तराजूही जोखता येतो. एकच वस्तू एका प्रसंगी मोजणारी, दुसऱ्या प्रसंगी मोजली जाणारी. अनवस्थेची भीती इथे निम्मी होते. सगळे एकदम संशयाखाली घ्यायची गरज नाही. जिथे शंका आहे तिथे तपासावे, आणि तपासता येईल अशी सोय मात्र कायम असावी.

फिलाडेल्फियात नेमके काय जोखतात? आपल्या पिढ्यान्‌पिढ्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकित प्रतीवर वाढल्या. त्या प्रतीवरचा शिक्का एवढेच सांगतो, की नक्कल मुळाबरहुकूम आहे; मूळच खोटे असेल तर शिक्काही निष्पापपणे खोटे बोलतो. ईसीएफएमजीचा रिवाज वेगळा. पदवीची प्रत ती पदवी देणाऱ्या महाविद्यालयाकडे किंवा विद्यापीठाकडे पाठवली जाते आणि उत्तर उमेदवाराच्या हातून न येता थेट ईसीएफएमजीकडे यावे लागते. साक्ष कागदाची नाही, तो देणाऱ्याची घ्यायची. उमेदवाराचे महिने मग कॉलेजच्या कचेरीतल्या एखाद्या टेबलावर अडकतात. जुन्या डॉक्टरांच्या पदव्या मुंबई, पुणे, नागपूर विद्यापीठांच्या. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिल्यानंतरच्या त्याच्या नावाच्या. खरेपणाला पत्ता असतो आणि तो बदलत राहतो.

याच फिलाडेल्फियात १८८३ साली आनंदीबाई जोशी आल्या, तेव्हा यातले काही नव्हते. विमेन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या अर्जात प्रवेशाच्या सगळ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत हे त्यांनी मोकळेपणी मान्य केले आणि आपला हेतू सांगितला. कॉलेजने एका पत्रावर विश्वास टाकला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आज हे वाचताना मन भरून येते, पण त्या विश्वासाचे माप एका माणसापुरते होते. दरवर्षी हजारो अर्ज येऊ लागले की पत्रातला सच्चेपणा ओळखणारी नजर पुरत नाही. तिची जागा कार्यपद्धतीला घ्यावी लागते. यात तोटा आहे आणि न्यायही आहे: ओळखीपाळखी नसलेल्यालाही तोच दरवाजा उघडतो.

कार्यपद्धतीचा हा धर्म आयएसओ ९००१ मध्ये लिहून ठेवला आहे. पहिली आवृत्ती १९८७ची. तिच्यामागे १९७९चे बीएस ५७५० हे ब्रिटिश मानक आणि त्याच्याही मागे लष्करी खरेदीतले दंडक. दारूगोळा फुटायचा तेव्हाच फुटावा, या काळजीतून निघालेली शिस्त डॉक्टरांच्या पदव्यांपर्यंत पोहोचली. चांगला डॉक्टर कोण, याबद्दल हे मानक एक अक्षर बोलत नाही. ते म्हणते: काय करता ते ठरवा, ठरवले तसे वागता हे दाखवा, चुकले तर नोंद करा, चुकीच्या मुळाशी जा आणि ती पुन्हा होणार नाही अशी तजवीज करा. खोटी पदवी निसटली, किंवा खऱ्या पदवीच्या डॉक्टरला विनाकारण ताटकळत ठेवले, तर ते कोणाच्या लक्षात आले आणि पुढे काय बदलले, एवढेच त्याला विचारायचे असते.

यातला धोका फ्रान्सने भोगला. पीआयपी या कंपनीच्या स्तनरोपणांच्या गुणवत्ता पद्धतीला एका नामांकित जर्मन संस्थेची मान्यता होती. २०१० मध्ये उघड झाले, की कंपनी वैद्यकीय मान्यता नसलेले, औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरत होती. जगभरच्या हजारो स्त्रियांच्या शरीरात ते गेले होते. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला शिक्षा झाली. तपासनीस येणार हे आधीच ठाऊक असे, आणि त्यांना दाखवायचे कागद चोख असत. मायकेल पॉवर या ब्रिटिश अभ्यासकाने १९९७ मध्ये ‘द ऑडिट सोसायटी’ या पुस्तकात तपासणीला समाजाचा विधी म्हटले होते. विधीत मंत्र बिनचूक म्हटले की देव प्रसन्न झाला असे गृहीत धरतात. रुग्ण तसा प्रसन्न होत नाही.

मग या शिक्क्यांचे करायचे काय? मीमांसकाच्या भोळेपणाने ते स्वतःप्रमाण मानता येत नाहीत, आणि नागार्जुनाच्या टोकाला जाऊन सगळेच उधळता येत नाही. उद्या दवाखान्यात जायचेच आहे. नैयायिकाची वाट जास्त चालण्यासारखी वाटते. ईसीएफएमजीचीच वाटचाल पाहा. परदेशातले प्रत्येक महाविद्यालय तपासणे अवघड, म्हणून सुरुवातीला तिने उमेदवाराची परीक्षा घेण्यावर भर दिला. पहिली परीक्षा १९५८ची. २०१० मध्ये तिने जाहीर केले, की पुढे महाविद्यालयाला मान्यता देणारी यंत्रणाही जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाने स्वीकारलेली असावी. २०२३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला ती स्वीकृती दहा वर्षांसाठी मिळाली. माणूस, संस्था, संस्थेचा परीक्षक: तपासणीची नजर एकेक पायरी वर सरकली. मुदत संपली की पुन्हा सगळ्यांना तराजूत बसायचे आहे.

म्हणून भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रापेक्षा मला एनसीचे, म्हणजे नॉन-कन्फर्मिटीचे, रजिस्टर महत्त्वाचे वाटते. ऑडिटरच्या भाषेत एनसी निघाली, म्हणजे ठरवलेले आणि केलेले जुळले नाही. वर्षानुवर्षे एकही एनसी नाही असे अभिमानाने सांगणारी संस्था एक तर निर्दोष असेल किंवा तिने बघणेच सोडले असेल, आणि यातली पहिली शक्यता फार दुर्मीळ. पदवी तपासणाऱ्या संस्थेला, रुग्णालयाला, विद्यापीठाला आपण ‘प्रमाणपत्र आहे का’ असे विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलेच असते. गेल्या वर्षी तुमचे काय चुकले, ते तुम्हाला कसे कळले आणि त्यानंतर काय बदलले, हे विचारून पाहावे. ज्यांना हे बिचकल्याशिवाय सांगता येते, त्यांच्या शिक्क्यावर मी विश्वास ठेवीन.