हात बघून काम

रब्बीच्या पाण्याचे दिवस आले की जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात मोटारी जळू लागतात. विजेचा दाब कमी असतो, मधेच एक फेज उडते, उरलेल्या दोन फेजांवर मोटार तशीच ओढत राहते आणि आतली तार काळी पडते. मग ती विहिरीतून काढून मोटार भरणाऱ्याकडे न्यायची. तो जुनी कॉईल तोडतो, पण त्याआधी वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, तार कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेली आहे ते वहीत काढून ठेवतो. खाचांत नवा कागद घालतो, वेढे भरतो, जोड बांधतो, वार्निश देऊन सुकवतो. हिशेब चुकला की मोटार गरम होते आणि परत त्याच्याच दारात येते. गहू-हरभऱ्याचं पाणी खोळंबलेला शेतकरी समोर बसलेला असतो. यापेक्षा कडक परीक्षक मला ठाऊक नाही.

असा कारागीर बहुधा दहावीच्या आत-बाहेर शाळा सुटलेला असतो. जिंतूर-जालना रस्त्यावरचं चारठाणा जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखलं जातं. तरुण मात्र कामासाठी जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे, नाहीतर त्यापुढे वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींकडे बघतात. तिथे मोटार भरणारा गेला तर पहिला प्रश्न येतो, ‘आयटीआय झालाय का?’ नाही म्हटलं की तो ठेकेदाराचा हेल्पर होतो. वेढे मोजणाऱ्या हाताला ओझं उचलायचं काम लागतं.

कागद न मागता काम देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याच्या लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि १९७७च्या रोजगार हमी कायद्याने काम मिळणं हा हक्क झाला. काम मागणाऱ्याला कोणी शिक्षण विचारलं नाही. ही फार मोठी गोष्ट होती. पण बिनकागदाच्या माणसाला आपण माती-खडीचं काम दिलं आणि तिथेच थांबलो. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. काम करता करता शिकायची ही योजना, आणि तिचं विद्यावेतन ठरलं ते बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. दहावीत शाळा सुटलेला मोटार भरणारा तर या रांगेत उभाच राहू शकत नाही.

म्हणून पदवीची अट काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत ते करून पाहिलं गेलं. मेरीलँड राज्याने २०२२मध्ये हजारो सरकारी पदांवरची पदवीची अट उठवली, मोठ्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४मध्ये मोजदाद केली तेव्हा या बदलामुळे ज्यांना खरोखर दार उघडलं असे उमेदवार दर ७०० भरतींमागे एकसुद्धा भरले नाहीत. जाहिरातीतली ओळ गेली, निवडणाऱ्याच्या मनातली गेली नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही. समोरच्या अनोळखी माणसाला काय येतं हे कळायला त्याच्याकडे दुसरं साधनच नसतं.

गावात ते साधन असतं. कोणाची भिंत ओळंब्यात येते, कोणाचं वेल्डिंग ट्रॉलीच्या हादऱ्याला टिकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ही साक्ष गावाची शीव ओलांडत नाही. ओलांडते ती मुकादमाच्या मार्फत. ऊसतोडीचा मुकादम कोणता कोयता किती तोडतो हे अचूक ओळखतो, आणि ती पारख उचलीच्या हिशेबाला बांधलेली असते. शिवाय ओळखीवर चालणारी भरती ओळख असलेल्यांनाच पोचते. वडार वस्तीतला पोरगा, पारध्याचा पोरगा, नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणारी बाई यांच्यासाठी शब्द टाकणारा पाहुणा कारखान्यात नसतो. म्हणून मला गावकीच्या साक्षीचं कौतुक असलं तरी ती पुरेशी वाटत नाही. परीक्षा उघडी हवी, कोणालाही देता येणारी.

पाबळचा विज्ञान आश्रम मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले आणि १९८३मध्ये आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन हे सारं गावाची खरी कामं करत शिकली. शिकताना केलेलं शेड कोणाच्या तरी उपयोगाचं असे, त्यामुळे ते टिकलं की नाही हाच निकाल. २००२मध्ये याच पाबळमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅबलॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. नापास ठरवलेल्या मुलांच्या गावात ती आली, हे मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगतो.

पण प्रत्येक तालुक्याला कलबाग मिळणार नाहीत, आणि मिळायची वाट बघायचं कारणही नाही. तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा आहे. अनुभवी कारागिराचं आधीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५पासून आहे. अडतं ते पुढेच: दोन-चार दिवसांच्या वर्गातून मिळालेल्या त्या कागदावर कारखान्याचा विश्वास बसत नाही. मग कारखान्याच्याच देखभाल विभागाच्या माणसाने महिन्यातून एक दिवस जिंतूरला येऊन जळालेली मोटार समोर ठेवावी. वयाची, शाळेची अट नको. तपासणारा आणि कामावर घेणारा एकच असला की तिसऱ्याच्या शिक्क्याची गरज उरत नाही. त्या दिवसाची मजुरीही द्यावी, कारण हातावर पोट असणाऱ्याला परीक्षेला जाणं म्हणजे एक खाडा.

बायकांच्या बाबतीत तर तपासायचं काय हेच आपण अजून ठरवलेलं नाही. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं लिहिणारी, कर्जाचे हप्ते वसूल करून बँकेत भरणारी बाई गावोगावी आहे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने अशा कित्येकींना बँक सखी म्हणून उभं केलं. पण खासगी पतपुरवठा संस्थेच्या शाखेत जागा निघाली की अर्जात पदवीचाच रकाना येतो, आणि शाखेची वसुली मात्र याच बाईच्या ओळखीवर होते.

एक गोष्ट चाचणीच्या आधीच लेखी हवी. पास झालेला माणूस कारखान्याच्या हजेरीवर जाणार की ठेकेदाराच्या? भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, पगाराची पावती आणि कुशल कामगाराचा दर पहिल्या महिन्यापासून मिळणार का? याची उत्तरं हातात नसतील तर मोटार भरणाऱ्याने चारठाण्यातलं दुकान बंद करू नये, असंच मी त्याला सांगेन.